पुढचा ब्रेक

१४ जानेवारी

ती. बाबांना नमस्कार,

ट्रान्सपोर्टवाल्याने फोन केला तरी तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून हे पत्र सायकलच्या आधी टाकते आहे. या आठवड्यात तुमच्या दारात एक माउंटन बाईक येईल. उतरवून घ्या. हमालाने "ही भंगारात घालायची का" असं विचारलं तर त्याला चहा देऊ नका.

सायकल माझी आहे. लग्नाआधी मी टेकड्यांवरच्या शर्यतींत चालवायचे ती. आमच्या बिल्डिंगच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या, तळघरात पाण्याच्या टाकीमागे इतकी वर्षं पडून होती. तळघर रिकामं करायची नोटीस लागली तेव्हा टिटवीने ती ओढून बाहेर काढली आणि मला विचारलं, "आई, ही तू चालवायचीस?" मी कधीकाळी सर्कशीत होते असा तिचा चेहरा झाला होता. तेव्हापासून तिला हीच सायकल हवी आहे. नवी घेऊन देते म्हटलं तर नाक मुरडते. चौदा वर्षांची झाली, तुम्ही ठेवलेलं टिटवी हे नाव अजून सार्थ करते आहे, सकाळपासून कलकलाट. इथल्या दुकानदाराने सायकल उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाला, ताई, हिच्यात काही राहिलेलं नाही. मग तुम्ही आठवलात. डेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून तुम्ही लोकांच्या जिन्याखाली सडलेल्या सायकली पुन्हा रस्त्यावर आणताय, तर एक घरचीही करा.

एक गोष्ट परत लिहिते, राग मानू नका. घटस्फोटाच्या वेळी आपलं ठरलं होतं की तुम्ही टिटवीचे आजोबा आहात, ते नातं मी तोडणार नाही. पण तुमच्या मुलाचा विषय पत्रात नको, आणि त्याच्या हातची कुठलीही वस्तू आमच्या घरात नको. टिटवीही गेल्या वर्षापासून त्याला भेटत नाही, तो तिचा निर्णय. तुम्ही हे पाळलंत म्हणून आपलं सुरळीत चाललंय. ज्या दिवशी पाळणार नाही त्या दिवशी मी पत्रंही थांबवीन. धमकी समजू नका, मला माझी काळजी घ्यायला हवी.

तुमची (पुढे काय लिहायचं ते मला अजून सुचत नाही)
टिटवीची आई


२३ जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद,

मायन्यात मी हेच लिहिणार. तुला खाली काय लिहायचं ते सुचो न सुचो, मी सून आणली होती ती कुणाला परत केलेली नाही.

सायकल पोचली. हमालाने तू लिहिलंस तेच विचारलं, ओठांवरून वाचलं, शब्दाचाही फरक नाही. चहा दिला नाही, पाणी दिलं. तेवढं चालवून घे.

आता पेशंटची तब्येत ऐक. चेन काठीसारखी ताठ झालीय, एका टोकाला धरली तर आडवीच राहते. टायरला बोट लावलं की भुगा पडतो. ब्रेकच्या केबलींचा तर मागमूसही नाही. सीटच्या आत उंदराचा संसार होता, मालक घर सोडून गेलेले दिसतात. पुढच्या शॉकअपमधून काळं तेल गळतंय. पण फ्रेम अस्सल आहे. चिखल खरवडला तर खालून निळा रंग डोकावला आणि सांधे सगळे शाबूत. आजकाल असं जोडकाम करत नाहीत.

खरी गोम सीटच्या दांड्यात आहे. फ्रेम स्टीलची, दांडा अॅल्युमिनियमचा. दोन वेगळ्या धातूंना वर्षानुवर्षं न हलवता एकात एक ठेवलं की ते आतल्या आत खातात एकमेकांना आणि असे धरून बसतात की फिरत नाहीत आणि सुटतही नाहीत. काही संसार असे असतात, पण तो विषय नको म्हणालीस, म्हणून इथेच थांबतो. आम्ही वरून तेल सोडून ठेवलंय. काल फ्रेम शिकंज्यात धरून पिळून बघितली, हूं की चूं नाही. आम्हीही काही कच्च्या गुरूचे चेले नाही, बघू कोण आधी दमतं.

टिटवीला सांग, अंगात कितीही आलं तरी परीक्षा होईपर्यंत सायकल मागायची नाही.

तुझा
सासरा, निवृत्त, ठार बहिरा


२ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार,

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. उंदराच्या संसारावर टिटवी हसून लोळली आणि मग म्हणाली, पण आजोबा "आम्ही आम्ही" काय करतायत? शेडमध्ये कुणी आहे का?

मीही तेच विचारते. आम्ही कोण?

संशय घेते असं समजू नका. तुम्हीच कळवलं होतं की मागच्या वर्षी एक मदतनीस ठेवला होता आणि तो तुमचे पाने घेऊन पसार झाला. परत कुणावर विश्वास टाकलात की काय, एवढीच चौकशी. आणि शिकंज्याशी झटापट करू नका. तुमचे हात थरथरतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून एकाच डोळ्याचं झालंय. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसते, लोक काय काय न बघता चालत असतात ते मला ठाऊक आहे.

रंगावरून घरात वाद झाला. मी म्हटलं आता तुझी आहे, तुला हवा तो लाव. ती म्हणते, नाही, होती तशीच निळी.

टिटवीची आई


१० फेब्रुवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद,

आम्ही म्हणजे मी आणि मांजर. ते शेडच्या खिडकीत बसतं आणि मी काही चुकलो की उठून जातं. शिवाय वय झालं की माणूस स्वतःला आदराने संबोधायला लागतो, दुसरं कोण मान देतंय? टिटवीला सांग, फार वकिली करू नकोस.

दांडा निघाला. आधी तेल, मग गरम, मग गार, मग पुन्हा तेल. परवा संध्याकाळी शिकंज्यात धरून फ्रेमच फिरवली आणि कर्र झालं. मला ऐकू आलं नाही, हाताला कळलं. बाकावर हात ठेवला होता. एवढा आनंद मला माझ्या रिटायरमेंटच्या समारंभातही झाला नव्हता.

चाकांचा आऊट, म्हणजे डगमग, गेला. तारा नव्या घातल्या, एकेक ताणून घेतली. चाक फिरवून कडेला नख धरलं तर केसाएवढं हलत नाही. माझ्या हातांचं तुला माहीत आहे, तरी झालं ते झालं. कसं झालं ते विचारू नकोस आणि माझं फार कौतुकही करू नकोस. खरंच नको करू. संध्याकाळी शेडमध्ये बरं वाटतं सध्या. ठोकाठोकी चालू असली की जमिनीतून पायाला कळते, घरात जाग असल्यासारखी वाटते.

दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतो. बजावून लिहिलंस, बरं केलंस.

तुझा
सासरा


२१ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार,

कौतुक करू नको म्हणालात म्हणून दुकानात सगळ्यांसमोर केलं. एक डोळा, थरथरते हात आणि केसाएवढाही आऊट नाही. आमचे मालक म्हणाले, त्यांना काचा घासायला पाठवा.

खरं सांगू का? त्या घरातून मला काही नको होतं. निघताना एक बॅग घेतली आणि पोर घेतली. तुमची पत्रं तेवढी मागे लागली आणि मी लागू दिली, कारण तुम्ही कधी मधल्या माणसाचं काम केलं नाहीत. इकडचं तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही. माझ्या आईनेसुद्धा केलं ते. म्हणून ही सायकल तुमच्याकडे पाठवताना मला अवघड वाटलं नाही. टिटवी आता रात्री झोपताना विचारते, माझ्या वयाची असताना तू कुठली टेकडी उतरायचीस. गेल्या दोन वर्षांत तिने मला माझ्याबद्दल काही विचारलं नव्हतं. हे तुमच्यामुळे.

सीटचं माप विचारायच्या आधीच सांगते. ती आता माझ्या उंचीची झालीय, सीट माझ्या मापाला ठेवा.

टिटवीची आई


१० मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद,

सायकल आज ट्रान्सपोर्टला दिली. पुठ्ठा दोन पदरी बांधला आहे, कापताना कात्री खोल घालू नका, रंग ताजा आहे.

तुझं मागचं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. मग तिथून काढून कपाटात ठेवलं. मी तुला वाटतो तेवढा चांगला नाही गं. म्हातारा माणूस पोटात काही ठेवत नाही असं लोकांना वाटतं, पण म्हाताऱ्याच्या पोटात फार मावतं.

निळा जुळला. पुढच्या तिन्ही दातेरी चकत्या घासून तेलात ठेवल्या होत्या, गिअर आता लोण्यासारखे पडतात. शॉकअपची सील नवी. केबल सगळ्या नव्या. ब्रेकची रबरं नवी.

टिटवीला पहिले काही दिवस सपाटीवर चालवू दे. ब्रेकना हात बसेपर्यंत. नवे ब्रेक आहेत, जरा वेगळे लागतील. टेकडीवर घाई नको. हे तिला दोनदा सांग.

तुझा
सासरा


१९ मार्च

ती. बाबांना नमस्कार,

सायकल पोचली. टिटवी शाळेतून यायच्या आधी मीच पुठ्ठा काढला. खाली पार्किंगमध्ये एक फेरी मारून आले. मारल्या दोन-तीन.

छान चालते. तुम्हाला एक विचारणार होते, पण राहू दे.

टिटवी तुम्हाला वेगळं लिहिणार आहे. आत्ता तिला कागद-पेन दिसत नाही, फक्त सायकल दिसते.

टिटवीची आई


२ एप्रिल

बाबा,

रविवारी टिटवी टेकडीवरून उतरताना पडली. हँडलवरून पुढे फेकली गेली. डावं कॉलरबोन मोडलं, हनुवटीला टाके पडले. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून तिथे काही नाही. सगळे एक्स-रे काढून झाले, डॉक्टर म्हणतात हाड आपोआप जुळेल, हात गळ्यात बांधून ठेवायचा.

ती म्हणते, ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी थांबली, मी नाही थांबले.

चूक कुणाची याबद्दल मला आत्ता काही लिहिता येत नाही. तुम्ही येऊ नका.


७ एप्रिल

चि. सूनबाई,

येत नाही. पिशवी भरली होती, तुझी शेवटची ओळ वाचली आणि परत रिकामी केली.

तू मला काही विचारलं नाहीस, तेच मला लागलं. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तर मी आता तुला सगळं सांगतो. मग पत्रं बंद कर, मी एका शब्दाने तक्रार करणार नाही.

आम्ही म्हणजे मांजर नव्हतं. तो होता. गेल्या पावसाळ्यानंतर त्याने भाड्याची खोली सोडली आणि सामान घेऊन माझ्याकडे आला. तुला कळवलं नाही, कारण विषय नको म्हणाली होतीस, आणि मला ते सोयीचंही होतं. लिफ्टच्या कंपनीत सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, जेवून भिंतीकडे तोंड करून पडायचा. एका घरात दोन माणसं, एक बहिरा आणि एक मुका. महिनोन्‌महिने असं चाललं.

तुझी सायकल आली त्या दिवशी तो शेडमध्ये आला. चिखलाने माखलेल्या फ्रेमवर तळवा ठेवून उभा राहिला. मग माझ्याकडे तोंड करून, मला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश विचारलं, "ती परत चालवणार आहे?"

मी हो म्हणालो.

टिटवीसाठी आहे एवढं सांगायचं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि मला ते घालवावंसं वाटेना. दुसऱ्या दिवशी तो कामावरून थेट शेडमध्ये. दांडा त्याने काढला. चाकांच्या तारा त्याने भरल्या. मी फक्त दिवा धरायचो आणि पाने हातात द्यायचो. तो कामाबद्दल बोलायचा, मग कामाशिवायही बोलायला लागला. तू लिहिलंस की मी मधल्या माणसाचं काम करत नाही. मी दोघांनाही खोटं सांगत होतो, तुला एक आणि त्याला दुसरं.

आता ब्रेक. आपल्याकडे सगळ्या सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि मागचा डाव्या. त्याने तुझ्या सायकलला उलटे बसवले. मी बघत होतो. पुढची केबल त्याने डाव्या मुठीकडे वळवली तेव्हा क्षणभर वाटलं चुकला, आणि मग तुझं उजवं मनगट आठवलं. लग्नाआधीच्या शर्यतीत मोडलेलं, मूठ पुरती आवळता न येणारं. खरा जोर पुढच्या ब्रेकला लागतो, म्हणून तो डाव्या हाताला. तुझ्यासाठी ते बरोबर होतं. पोरीच्या हाताला सवय मात्र सगळ्यांसारखी.

बदलून घ्यायचं तर त्याला सांगावं लागलं असतं की सायकल तुझ्यासाठी नाही. तुला कळवायचं तर हे कुणी बसवले ते सांगावं लागलं असतं. इकडे आड, तिकडे विहीर. पाठवायच्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी पाना हातात घेतला. चहा गार व्हायच्या आत संपणारं काम आहे ते. नट सैलही केला. मग बघितलं की त्याने केबल किती नीट वळवून, फ्रेमला न घासेल अशी बांधली होती. मी नट परत आवळला. मला त्याचं काम मोडवेना.

मग तुला लिहिलं की सपाटीवर चालवू दे, हात बसेपर्यंत. वर्कशॉपमध्ये माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी आत येऊ दिलं नसतं. जन्मभर मी बसचे ब्रेक तपासून सह्या केल्या, आणि नातीची सायकल एका गोलमाल ओळीवर सोडली.

त्याला अजून माहीत नाही. त्याला वाटतंय तू चालवतेस.

आजोबा


२९ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं. वाईट लिहिलं होतं, फाडून टाकलं. मग बरेच दिवस लिहिलंच नाही. टिटवी बरी आहे. हाड जुळतंय. उजव्या हाताने मोबाईल चालवता येतो, त्यामुळे तिचं काही अडत नाही.

तुम्ही मला फसवलंत. तो घरात आहे हे लपवलंत, त्याच्या हातचं काम तुमचं म्हणून माझ्या घरात पाठवलंत, आणि मी दुकानात तुमचं कौतुक सांगत फिरले. याचा मला राग आहे आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही. तुम्ही त्याच्यासाठी केलंत हे कळतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण मधे माझी मुलगी होती.

हे झालं. आता माझं ऐका.

मला कळलं होतं.

सायकल आली तेव्हा मी पार्किंगमध्ये बसले, थोडं पुढे गेले आणि डावा ब्रेक दाबला. पुढचं चाक थांबलं. त्यानंतर मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. माझं मनगट मोडलं होतं हे पुष्कळांना माहीत आहे. ते कुठल्या कोनाला साथ सोडतं हे एकाच माणसाला माहीत आहे. ब्रेकची मूठही त्याने माझ्या बोटांच्या अंतरावर आणून ठेवली होती.

मला राग यायला हवा होता. त्या घरातलं काही नको म्हणणारी मीच. राग आला नाही. मी वळून परत आले आणि पुन्हा दाबला. तुम्हाला लिहिलं ना, दोन-तीन फेऱ्या मारल्या. त्या ब्रेक दाबण्यासाठीच मारल्या.

टिटवीसाठी ते बदलायला हवेत हे मला सायकलवरून उतरतानाच समजलं होतं. दुकान कोपऱ्यावर आहे. उद्या नेऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत उद्या म्हटलं. बदलले की ते जाणार होतं, आणि मला ते अजून थोडे दिवस हवं होतं. कुणीतरी न सांगता लक्षात ठेवलंय, एवढंच. रविवारी ती निघाली तेव्हा मी जिन्यातून ओरडून सांगितलं, डावा जपून दाब. टेकडी उतरताना पोरीला आईचं वाक्य आठवत नाही बाबा, हाताची सवय आठवते. मला हे माहीत नाही? मीच तिथे वाढले.

हॉस्पिटलमध्ये ती शुद्धीत होती आणि मला म्हणत होती, आई, सायकलला काही झालं नाही ना? मी तिच्याकडे बघू शकले नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं की चूक कुणाची ते लिहिता येत नाही. तुम्हाला वाटलं मी तुमच्याबद्दल बोलतेय.

हे त्याला सांगू नका. त्याच्या हातचं काम बघून मी खूश झाले होते हे त्याला कळलेलं मला चालणार नाही.

टिटवीची आई


६ मे

चि. सूनबाई,

तुझं पत्र शेडमध्ये बसून वाचलं. तुझ्यावरचं ओझं थोडं माझ्याकडे येईल का असं लिहिणार होतो, पण अशी ओझी वाटून कमी होत नाहीत, ज्याचं त्याच्याकडे राहतं आणि दुसऱ्यालाही नवं मिळतं.

सांगू नका म्हणालीस, नाही सांगितलं. पण पुढचं ऐक आणि मग तूच ठरव.

टिटवी पडली हे त्याच्यापासून लपवणं मला जमलं नाही. खोटं बोलायची माझी ताकद संपली होती. सायकल तिच्यासाठी होती हेही सांगितलं. तो हात धुऊन आला, परत जाऊन धुतले. दुसऱ्या दिवसापासून कामावर जात नाही. लिफ्टच्या ब्रेकची तपासणी त्याच्याकडे असते, म्हणतो, मी हात लावणार नाही, माझ्या हाताने माझ्या पोरीचं हाड मोडलं, उद्या आणखी कुणाचं मोडेल. मी म्हटलं, चूक माझी, मी बघितलं होतं. तर म्हणतो, तुम्ही बहिरे आहात, मी आंधळा होतो. साहेब घरी येऊन गेले. रजा संपत आली आहे, त्यानंतर नोकरी राहणार नाही.

माझ्या बोलण्याने त्याला फरक पडत नाही. बापाने चूक अंगावर घेतली की मुलगा ती मोजत नाही. तुला कळलं होतं आणि तूही तशीच ठेवलीस, हे ऐकलं तर तो कदाचित उठेल. किंवा आणखी खचेल, मला कळत नाही. पण ते माझं सांगणं नाही, तुझं आहे. तुझ्या परवानगीशिवाय मी आता या घरातून त्या घरात एक शब्द नेणार नाही.

तुझा
सासरा


१२ मे

तुला,

बाबांकडे निरोप देता आला असता. पण आपल्यात निरोप फार झाले आणि त्याचे टाके टिटवीच्या हनुवटीवर पडले.

तिचं हाड तुझ्या हाताने मोडलं नाही. तुला खोटं सांगितलं गेलं. मला खरं कळलं होतं, डावा ब्रेक दाबल्या दाबल्या, आणि तरी मी ते दोन आठवडे तसंच ठेवलं. का ठेवलं ते तुला कळेल, मी लिहिणार नाही. त्यामुळे हा गुन्हा एकट्याने अंगावर घेऊन घरी बसू नकोस. तिघांत सगळ्यात कमी तुझा आहे. उद्या कामावर जा. तुझ्या हाताखालून गेलेल्या लिफ्टमध्ये मी आजही डोळे मिटून चढेन.

पण आता लिहायला बसलेच आहे तर एक लिहिते. ते ब्रेक तू पहिल्यांदा, लग्नाआधी माझं मनगट मोडल्यावर, उलटे केलेस तेव्हाही मला विचारलं नव्हतंस. सकाळी खाली आले तर झालेले होते. बरोबर होते, माझ्या सोयीचे होते, मी त्या दिवशी आनंदाने रडले होते. मग घर कुठे घ्यायचं ते झालेलं असायचं. मी शर्यती कधी सोडायच्या ते ठरलेलं असायचं. टिटवीची शाळा ठरलेली असायची. प्रत्येक वेळी बरोबर आणि प्रत्येक वेळी न विचारता. मी भांडायला काही शिल्लकच राहायचं नाही. मी त्याने दमले, तुझ्या चुकांनी नाही. या खेपेलाही सायकल कोण चालवणार एवढी एक ओळ मला लिहून विचारली असतीस तर काहीच झालं नसतं. मी उत्तर दिलं नसतं असं तुला वाटलं असेल. कदाचित दिलंही नसतं. पण विचारायला हवं होतंस.

टिटवीला मी सगळं सांगितलं, माझ्यासकट. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग काल म्हणाली, त्यांना सांग, येऊन ब्रेक बदलून द्या. "त्यांना" म्हणाली, बाबा म्हणाली नाही, तेव्हा उगाच आशा लावून घेऊ नकोस.

रविवारी ये. पाने घेऊन ये. आजोबांनाही आण, त्यांना नात बघायची आहे आणि माझा राग त्यांच्या भेटीवर काढणार नाही. मी वर असेन. ती आणि सायकल खाली पार्किंगमध्ये असतील.

कशालाही हात लावायच्या आधी तिला विचार, तुला पुढचा ब्रेक कुठल्या हाताला हवा. तुला उत्तर माहीत असेल, तरी विचार. एरवी अखंड बडबडते, पण तुझ्यासमोर लगेच बोलणार नाही. तिचं उत्तर येईपर्यंत थांब.